वेळ मारून नेणारा दगड

गेल्या मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. माझा मावसभाऊ आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आयटीत नोकरीला आहे, त्याने पाठवलेला. व्हिडिओत तो एका पडक्या किल्ल्याच्या माथ्यावर उताणा झोपलाय. दोन्ही हातांनी लोखंडी गज धरलेत, डोकं मागे खाली लोंबकळतंय आणि एक म्हातारे गृहस्थ त्याला कमरेशी धरून बसलेत. त्या उलट्या अवस्थेत तो भिंतीतल्या एका काळपट दगडाचा मुका घेतो, धडपडत उठतो आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवतो.

माझ्या आईने लिहिलं, ‘पडशील मेल्या.’ मामाने लिहिलं, ‘सॅनिटायझर लाव.’ (मामाचं चुकलं नव्हतं. २००९ मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायझरने जगातल्या सगळ्यात जंतुमय पर्यटनस्थळांची यादी केली होती, तेव्हा हाच दगड पहिला आला होता.) मग भावाने खुलासा केला: हा ब्लार्नी स्टोन. याचा मुका घेणारा माणूस पुढे आयुष्यभर बोलण्यात कुणाला हार जात नाही. या गावावरूनच इंग्रजीत ‘ब्लार्नी’ हा शब्द आलाय. गोड बोलून, स्तुती करून समोरच्याला गुंडाळणं. ‘ताई, तू भाषांतरं करतेस ना, मराठीत काय म्हणशील?’

मी भाषांतरावरच पोट भरते, त्यामुळे प्रश्न माझ्या इज्जतीचा झाला. पण मी तोंड उघडायच्या आत ग्रुपवर शब्दांचा पाऊस. मस्का. लाडीगोडी. चमचेगिरी. तोंडपुजेपणा. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. सगळेच जवळपासचे, पण एकही नेमका बसेना. चमचा साहेबाकडून काहीतरी मिळवायला बोलतो. हरभऱ्याच्या झाडावर आपण दुसऱ्याला चढवतो ते बहुतेक वेळा गंमत बघायला. ब्लार्नीत आणखी काहीतरी आहे. त्यात बोलणाऱ्याला समोरच्याकडून काही मिळवायचं नसतं. समोरच्याने मागितलेलं द्यायचं नसतं.

संध्याकाळी आजीचा व्हॉइस मेसेज आला. आजी नव्वदीला टेकलेली, टाइप करत नाही. दोनच सेकंदांचा मेसेज: ‘वेळ मारून नेणं.’

मी तो तीनदा ऐकला. मग या शब्दाच्या मागे लागले.

ब्लार्नी हे कॉर्कपासून सात-आठ किलोमीटरवरचं खेडं. गावच्या मूळ आयरिश नावाचा अर्थ साधा आहे, छोटं शेत. किल्ला पंधराव्या शतकातला, मॅकार्थी घराण्याने बांधलेला. हे मॅकार्थी म्हणजे दक्षिण आयर्लंडच्या जुन्या राजघराण्याची एक शाखा, आणि त्यांच्या मुलखाचं नाव मस्करी. मस्करी करत नाही, खरंच मस्करी. ब्लार्नीचे सरदार हे ‘लॉर्ड ऑफ मस्करी’. मराठी माणसाने या गोष्टीवर विश्वास ठेवू नये अशी पुरेपूर व्यवस्था इतिहासाने करून ठेवली आहे.

गाइड सांगतात ती गोष्ट अशी. सोळावं शतक संपत आलेलं. इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ. तिचा अधिकारी जॉर्ज कॅर्यू ब्लार्नीच्या कॉर्मक मॅकार्थीकडे निरोप धाडतो: तुझी वंशपरंपरागत जमीन राणीच्या स्वाधीन कर, मग राणी तीच जमीन तुला आपल्या हाताने बहाल करील. मॅकार्थी नाही म्हणत नाही. तो लिहितो, राणीसाहेबांच्या चरणी माझी निष्ठा अढळ आहे, त्यांच्यासारखी राज्यकर्ती झाली नाही, आज्ञा शिरसावंद्य, फक्त एवढी एक अडचण दूर झाली की लगेच. अडचण दूर होते, दुसरी उभी राहते. पत्रं येत राहतात, प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा गोड. किल्ला काही हाती येत नाही. शेवटी राणी वैतागून म्हणते की हे सगळं ब्लार्नी आहे, हा बोलतो त्यातलं काहीच याच्या मनात नसतं. झाला शब्द तयार.

गोष्ट फक्कड आहे. अडचण एवढीच, की राणीच्या तोंडचं ते वाक्य तिच्या काळातल्या कागदांत सापडत नाही. राणी वारली १६०३ मध्ये. ब्लार्नी हे नाव गोडबोलेपणाशी जोडलेलं ठळकपणे दिसतं ते पार १७६६ मध्ये, ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ या कादंबरीत. गोल्डस्मिथ जन्माने आयरिश. त्याने लंडनहून आलेल्या, मोठमोठ्या गप्पा मारून खेड्यातल्या भोळ्या कुटुंबाला भुलवणाऱ्या एका बनावट बाईसाहेबांचं नाव ठेवलं लेडी ब्लार्नी. वाचकाला विनोद कळेल असं गृहीत धरलं, म्हणजे शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी असणार. पण राणी आणि ही कादंबरी यांच्यात दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

त्याहून मजेशीर साक्ष १७८५ ची. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या लठ्ठ, हौशी माणसाने लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीचा एक कोश काढला. त्यात ब्लार्नीची नोंद आहे, आणि तिच्यात राणीही नाही, मॅकार्थीही नाही. तो सांगतो, किल्ल्याच्या अगदी माथ्यावर एक तिकोनी दगड आहे, तिथवर पोचणं महाकठीण. जो पोचला त्याच्या धाडसाची वाहवा होते. आणि म्हणून कधीच वर न गेलेले पुष्कळ लोकही ‘मी जाऊन आलो’ असं ठोकून देतात. त्यामुळे ब्लार्नी म्हणजे थाप, अद्भुत बाता; आणि कधीकधी, असं तो शेवटी जोडतो, खुशामतसुद्धा.

म्हणजे अठराव्या शतकात ब्लार्नी हे गड न चढता ‘चढलो’ म्हणणाऱ्याचं बोलणं होतं. ट्रेकला पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बसून राहून सुळक्याचा फोटो स्टेटसला ठेवणारा आपला मित्र, तो खरा ब्लार्नीबहाद्दर.

मग राणीची गोष्ट थापच का? तिचे शब्द बहुधा नंतर कुणीतरी तिच्या तोंडी घातले. पण ज्या प्रसंगावर ती बेतली आहे तो प्रसंग, म्हणजे जमीन आमच्या हवाली कर आणि आमच्याकडून परत घे हा हुकूम, पूर्ण खरा होता. तो समजल्याशिवाय आजीचं उत्तर किती बरोबर आहे हे कळत नाही.

१५४१ मध्ये आठव्या हेन्रीने स्वतःला आयर्लंडचा राजा घोषित करून घेतलं. राजा झाला खरा, पण बेटाच्या मोठ्या भागावर त्याची सत्ता कागदापुरती होती. तिथे आयरिश सरदार आपल्या जुन्या कायद्याने राज्य करत होते. त्या कायद्यात बापामागून थोरला मुलगा असा हिशेब नव्हता. भाऊबंदांतून लायक माणूस निवडला जाई, आणि बाप जिवंत असतानाच वारस ठरलेला असे. जमीन सरदाराच्या एकट्याच्या मालकीची नव्हती, ती साऱ्या कुळाची होती. इंग्रजांनी तोडगा काढला: सरदाराने जमीन राजाला अर्पण करायची, राजाने ती इंग्रजी पदवीसकट त्यालाच परत द्यायची. वरवर पाहिलं तर काहीच बदलत नाही. तोच माणूस, तोच किल्ला, तीच शेतं. पण कागद झाला की काल जो मालक होता तो आज राजाचा खंडकरी होतो. आणि राजाची मर्जी फिरली तर जमीन जाते.

आता मॅकार्थीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सही केली तर भाऊबंद उठतात, कारण जी जमीन तुझी एकट्याची नाही ती तू दिलीस कशी? सही केली नाही तर तू बंडखोर. आणि बंडखोराचं काय होतं, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. शेजारच्या डेस्मंडच्या अर्लने बंड केलं, १५८३ मध्ये तो मारला गेला, आणि त्याची अफाट जमीन जप्त होऊन इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटली गेली. त्या बंडात पिकं जाळली गेली आणि दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. अशा वेळी ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही शब्दांना मरणाची किंमत असेल, तर तिसरं काहीतरी बोलावं लागतं. ते लांब असतं, गोड असतं आणि त्यात ‘लवकरच’ हा शब्द वारंवार येतो.

डेस्मंडची जमीन मिळालेल्यांत दोन नावं ओळखीची आहेत. एक वॉल्टर रॅले. दुसरा कवी एडमंड स्पेन्सर. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना स्पेन्सर ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्यामुळे माहीत असतो. हा माणूस कॉर्क परगण्याच्या उत्तरेला किलकोलमनच्या किल्ल्यात, जप्तीच्या सुमारे ३,००० एकरांवर राहत होता, आणि तिथे बसून एलिझाबेथ राणीची स्तुती रचत होता. राणी म्हणजे परीराज्याची सम्राज्ञी, राणी म्हणजे सद्गुणांची मूर्ती, पर्वामागून पर्व. १५९० मध्ये पहिले तीन भाग राणीला अर्पण करून छापले, आणि पुढच्याच वर्षी राणीने त्याला सालीना ५० पौंडांची पेन्शन बांधून दिली. याच स्पेन्सरने गद्यात एक टिपण लिहिलं, त्यात आयरिश लोकांना उपासमारीने नमवण्याची वकिली आहे.

मला इथे थांबून हसू आलं, मग हसू गेलं. एका परगण्यात दोन माणसं एकाच बाईची स्तुती करत होती. एकाला तिच्या बदल्यात दुसऱ्याची जमीन आणि पेन्शन मिळत होती, दुसरा तिच्या जोरावर स्वतःची जमीन राखायला बघत होता. पहिल्याच्या स्तुतीला महाकाव्य म्हणायचं आणि ती एम.ए.च्या अभ्यासक्रमाला लावायची. दुसऱ्याची ती ब्लार्नी.

एलिझाबेथचा सगळा दरबारच स्तुतीवर चालत होता. पन्नाशी-साठीच्या राणीला चंद्रदेवता म्हणण्याची दरबाऱ्यांत चढाओढ असे. त्यामुळे मॅकार्थी गोड बोलतो याचा तिला राग आला असेल हे काही पटत नाही. राग आला असेल तर गोड बोलूनही तो किल्ला देत नाही, याचा.

आणि मॅकार्थी तरी काय धुतल्या तांदळासारखा? कॅर्यूच्या काळातला जो सरदार, कॉर्मक मॅकडर्मट मॅकार्थी, तो १६०१ मध्ये स्पॅनिश फौज किन्सेलच्या बंदरात उतरली तेव्हा इंग्रजांच्या बाजूने उभा होता. निदान तसं दिसत होतं. दुसऱ्या हाताने तो स्पॅनिशांशीही संधान बांधून आहे असा संशय घेऊन १६०२ मध्ये त्याला पकडलं. तो कैदेतून निसटला, पुन्हा शरण आला आणि पुन्हा माफी मिळवली. ती माफी त्याने कोणत्या शब्दांत मागितली असेल, याची मी कल्पना करू शकते.

या सगळ्यात एक गोष्ट निसटते. स्तुती हा आयरिश समाजात लबाडीचा प्रकार नव्हताच, तो मानाचा धंदा होता. प्रत्येक मोठ्या घराण्याचे पिढीजात कवी असत. वर्षानुवर्षं शिकून, किचकट वृत्तं आत्मसात करून ते सरदाराची स्तुती रचत. कवीने स्तुती केली की सरदारकीला वजन येई. कवीने उपहास केला तर सरदार घाबरे. आपल्याकडचे भाट आठवतील, पण या कवींचा दर्जा त्याहून वरचा, सरदाराच्या पंगतीला बसण्याचा. सरदार गेले तसे हेही गेले. डॉवी ओ ब्रूडर हा सतराव्या शतकातला थोर आयरिश कवी. आश्रयदाते संपल्यावर म्हातारपणी त्याला शेतात मजुरी करावी लागली आणि त्याने त्यावर कडवट कविता लिहिल्या. आयरिश भाषेत लाडीगोडीला ‘प्लामास’ असा स्वतंत्र शब्द आजही आहे आणि तिथली माणसं इंग्रजी बोलतानाही तो वापरतात. ‘ब्लार्नी’ हा त्यांनी स्वतःसाठी काढलेला शब्द नव्हे. तो इंग्रजीत घडला आणि मग त्यांच्या पाठीला चिकटला.

एकोणिसाव्या शतकात तो चांगलाच चिकटला. १८२४ मध्ये क्रॉफ्टन क्रोकर या कॉर्कच्याच लेखकाने प्रवासवर्णनात लिहून टाकलं की या दगडाचा मुका घेणाऱ्याला न लाजता खोटं बोलण्याचा परवाना मिळतो. पुढच्याच वर्षी सर वॉल्टर स्कॉट आयर्लंडच्या दौऱ्यावर आला आणि ब्लार्नी बघून गेला; मोठा लेखक येऊन गेला की जागा मोठी होते. १८३० च्या दशकात ‘फादर प्राउट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रान्सिस महोनी यांनी ब्लार्नीवरच्या एका जुन्या विनोदी गाण्याला दगडाचं कडवं जोडलं. १८८७ मध्ये कॉर्कहून ब्लार्नीपर्यंत छोट्या रुळांची रेल्वेच सुरू झाली. तेव्हा गज-बिज नव्हते. मित्र तुमचे घोटे धरत आणि तुम्हाला सुमारे ८५ फूट उंचीवरून डोकं खाली करून सोडत. मित्र पारखायची चांगली सोय होती.

दगडाच्या जन्मकथाही तोवर अर्धा डझन झाल्या होत्या. कुणी म्हणे, स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाच्या शिळेचा हा तुकडा. कुणी त्याला थेट बायबलपर्यंत नेलं. मला आवडलेली कथा अशी: किल्ला बांधणारा मॅकार्थी एका खटल्यात अडकला होता, त्याने क्लीना या देवीला साकडं घातलं, ती म्हणाली, सकाळी कोर्टात जाताना पहिला दिसेल त्या दगडाचा मुका घे. तो खटला जिंकला आणि त्याने दगड किल्ल्यात बसवला. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ही कथा लगेच पटावी. २०१४ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात घेतलेला दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक निघाला, त्याच भागातला. ज्या दगडावर जगाने एवढ्या थापा रचल्या, तो बिचारा तिथून कधी हललाच नव्हता.

याच काळात लंडनच्या रंगभूमीवर एक ठरावीक आयरिश माणूस वावरू लागला होता. फाटका कोट, लाल नाक, जिभेवर साखर, कामाला कच्चा आणि उधारीला पक्का. प्रेक्षक खूश. त्यामागचा अर्थ असा, की ही माणसं गोड आहेत हो, पण यांच्या हाती कारभार देता येईल का? आयर्लंडला स्वराज्य द्यायचं की नाही यावर पार्लमेंटात वर्षानुवर्षं भांडण चालू असताना हा विनोद निरुपद्रवी नव्हता. तो बर्नार्ड शॉने नेमका उलटा केला. १९०४ च्या ‘जॉन बुल्स अदर आयलंड’ या नाटकात टिम हॅफिगन नावाचं पात्र आहे. गळ्यात गळा घालणारा, आयरिश हेल काढून एका इंग्रज साहेबाला भारावून टाकणारा. साहेब त्याला पैसे द्यायला तयार. मग साहेबाचा आयरिश भागीदार येतो आणि पितळ उघडं पडतं: हा गडी जन्मला ग्लासगोत, आयर्लंडला त्याने पायही लावलेला नाही. इंग्रजाला जो आयरिश हवा होता, तो त्याने त्याला विकला. किल्ला न चढताच मुका घेतलेल्यांपैकी हा एक.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगत होते. तिला स्पेन्सरमध्ये रस नव्हता, दगडातही फारसा नव्हता. जमिनीपाशी आल्यावर मात्र ती बोलू लागली. आजीचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, तिचे वडील खोताचं कूळ. पीक आलं की खोताचा माणूस यायचा. तिचे आबा त्याला ओटीवर घोंगडी अंथरून बसवायचे, गूळ-पाणी द्यायचे. खोतांच्या मुलाची, खोतांच्या बैलांची, खोतांच्या गणपतीची तारीफ करायचे. वेठीला माणूस पाठव म्हटलं की ‘हो मालक, पाठवतोच, पोरगा तापाने पडलाय, उठला की पाठवतो.’ पोरगा महिनाभर तापाने पडलेला असायचा. मागच्या दारी आंब्यावर चढलेला. खोताच्या वाड्यात आबांना ‘गोड्या’ म्हणायचे. शिवीच होती ती, आजी म्हणाली, पण आबा ऐकून घ्यायचे.

१९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला तेव्हा आजी शाळकरी पोर होती. कायदा झाल्यावर आबा कसे बोलायचे, असं मी विचारलं.

‘कमी,’ ती म्हणाली.

मग तिने विचारलं, ‘तुझ्या त्या मस्करीवाल्याची जमीन राहिली का शेवटी?’

मी सांगितलं. काही काळ राहिली. त्याच्या वंशजांना अर्लची पदवीही मिळाली. पण १६९० च्या सुमाराला त्या घराण्याने हरणाऱ्या राजाची बाजू धरली, सगळं जप्त झालं, किल्ला विकला गेला. आता दुसऱ्याच घराण्याकडे आहे आणि तिकीट आहे. एकट्या मॅकार्थींचं नाही ते. १६४१ मध्ये आयर्लंडातली ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, १७०३ पर्यंत ती १४ टक्क्यांवर आली.

आजीने मनात हिशेब केला असावा. फोनवर पंख्याचा आवाज येत होता.

‘म्हणजे गोड बोलून ऐंशी-नव्वद वर्षं काढली,’ ती म्हणाली. ‘बरीच काढली की.’